बीपी हटत नसेल तर: अल्डोस्टेरॉन-रेनिन तपासणीला जाताना

बीपीच्या तीन गोळ्या, त्यातली एक लघवी वाढवणारी, तरी आकडा खाली यायला तयार नाही. किंवा रक्तात पोटॅशियम दरवेळी कमी भरतंय. अशा वेळी सगळं खापर मिठावर आणि टेन्शनवर फोडण्याआधी डॉक्टरांना अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तराबद्दल, म्हणजे रक्तातल्या या दोन घटकांच्या प्रमाणाबद्दल, विचारा.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे हार्मोन बनवतात. ते मीठ शरीरात धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. एरवी त्याला हुकूम सोडतं ते मूत्रपिंडातलं रेनिन. रेनिन तळाला आणि अल्डोस्टेरॉन तरीही वर, म्हणजे ग्रंथी हुकमाविनाच काम करतेय. मिशिगन विद्यापीठातल्या जेरोम कॉन यांनी १९५५ साली हा आजार मांडला.

खरी मेहनत तयारीत आहे. आधी पोटॅशियम तपासून घ्या. कमी असेल तर भरून काढा, नाहीतर अल्डोस्टेरॉन खोटंच कमी दिसतं. मीठ नेहमीइतकंच खा. तपासणीच्या धास्तीने अळणी जेवाल तर रेनिन वर जाऊन निकालच बिघडेल.

गोळ्यांची यादी कागदावर लिहून न्या. स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे अल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी, साधारण चार आठवडे आधी थांबवतात. बीपीच्या औषधांपैकी बीटा ब्लॉकरने रेनिन दबतं, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनी वाढतं. पण मनाने एकही गोळी सोडू नका. हल्ली बरेच डॉक्टर औषधं चालू ठेवूनच पहिली तपासणी करतात आणि निकाल त्या हिशेबाने वाचतात.

आता एक घरगुती भानगड. खोकल्यासाठी गालात ज्येष्ठमधाची कांडी ठेवायची सवय आहे का? काढ्यात, घशाच्या गोळ्यांत, चघळायच्या सुपारीतही तो असू शकतो. मूत्रपिंडात एक विकर (एन्झाइम) कॉर्टिसोल या दुसऱ्या हार्मोनचं निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करतं. ज्येष्ठमध त्यालाच अडवतो. मग कॉर्टिसोल अल्डोस्टेरॉनची जागा घेतं, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. यादीत हे कोणी सांगत नाही, कारण ‘ते काय औषध आहे?’ तुम्ही सांगा, आणि तोही चार आठवडे आधी बंद करा.

रक्त सकाळी द्यायचं. उठून निदान दोन तास हिंडल्या-फिरल्यावर, आणि मग सुई टोचण्याआधी पाच ते पंधरा मिनिटं खुर्चीत शांत बसून. दंडाला पट्टा बांधल्यावर मूठ उघड-मीट करू नका, त्याने पोटॅशियम खोटं वाढतं. रेनिनची नळी बर्फात ठेवत नाहीत, हेही प्रयोगशाळेत विचारायला लाजू नका.

गुणोत्तर जास्त आलं म्हणजे लगेच निदान झालं असं नाही. पुढे सलाइन देऊन खात्री, सीटी स्कॅन, गरज पडल्यास दोन्ही ग्रंथींच्या शिरांमधलं रक्त तपासणं. दोष एकाच बाजूला असेल तर ती ग्रंथी दुर्बिणीतून काढतात. दोन्हीकडे असेल तर स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी. ती सुरू झाली की नारळपाणी, केळी किती घ्यायची ते विचारून घ्या; तेव्हा पोटॅशियम उलट वर जाऊ लागतं.