छत्रीच्या काड्या: आधी ओवा, मग खाचेत बसवा

आमच्या कोल्हापुरात पाऊस लागला की आठ-आठ दिवस हटत नाही. त्यातच रंकाळ्यावर वारं भरलं आणि माझी छत्री उलटली. दांड्याच्या टोकाची खाचांची चकती धड होती, पण काड्या गुंफणारी तार गंजून तुटलेली. आठच्या आठ काड्या लोंबायला लागल्या.

टोकांच्या टोप्या काढल्या, मधले टाके कापले, कापड बाजूला ठेवलं. मग पहिली चूक केली. एकेक काडी खाचेत धरून तार आरपार घालायची. पाचवी बसेपर्यंत पहिली निसटलेली! अर्धा तास नुसता वैताग.

आई गजरा ओवत बसली होती. म्हणाली, "अरे, आधी सगळ्या ओवून घे की."

तसंच केलं. छत्री मिटलेलीच ठेवली, काड्यांना खालून रबर लावलं. बारीक पितळी तार ओळीनं आठही भोकांतून सैल ओवली. क्रम चुकवायचा नाही, नाहीतर खालच्या जोडकाड्या एकमेकींत अडकतात. मग एकेक टोक आपापल्या खाचेत दाबलं, तार चकतीभोवतीच्या घळीत बसवली आणि पक्कडीनं तीन पीळ दिले. चौथा देऊ नका, माझी एक तार तिथंच तुटली. उरलेलं टोक कापून खाचेत वळवलं, नाहीतर कापड फाडतं.

लोखंडी बाइंडिंग वायर घेऊ नका, पुन्हा गंजणार. सगळं दहा मिनिटांत झालं. टाके मात्र आईनंच घातले.