परीक्षा देऊन आणि अनुभवाच्या जोरावर अमेरिकेत कॉलेजचे क्रेडिट्स कसे मिळवायचे

अमेरिकेत बॅचलर्स डिग्रीला साधारण १२० क्रेडिट्स लागतात आणि एक कोर्स बहुतेक वेळा ३ क्रेडिट्सचा असतो, म्हणजे चाळीसेक कोर्स झाले. हे सगळे वर्गात बसूनच करायला पाहिजेत असं अजिबात नाही. जे आधीच येतंय त्याची परीक्षा द्या किंवा नोकरीत शिकलात ते दाखवून द्या आणि क्रेडिट घ्या, ही सोय इथे खूप जुनी आहे, त्यातल्या क्लेप (कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम) या परीक्षा तर १९६७ पासून चालू आहेत. इथल्या आपल्या लोकांत एपी (कॉलेजच्या पातळीचे कोर्स आणि त्यांच्या परीक्षा) सगळ्यांना माहीत असतं कारण मुलं हायस्कूलला करतात, पण क्लेप, डीएसएसटी (क्लेपसारखीच दुसरी परीक्षा), पोर्टफोलिओ (कामातून काय शिकलात ते पुराव्यासकट दाखवणारी फाइल) ही नावं पुष्कळ जणांनी ऐकलेलीही नसतात. आणि ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज आहे, म्हणजे चाळिशीत परत शिकायला निघालेल्या बायका, नोकरी आणि घर सांभाळून डिग्री पूर्ण करणारे लोक, त्यांनाच हे कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कॉलेजने क्रेडिट "घेतलं" आणि ते तुमच्या डिग्रीत "लागलं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिग्रीचे साधारण तीन भाग असतात, जनरल एज्युकेशन (सगळ्यांना करावे लागणारे वेगवेगळ्या शाखांचे कोर्स), मेजर (तुमचा मुख्य विषय) आणि फ्री इलेक्टिव्ह (आपल्या आवडीने निवडायचे कोर्स). समजा तुम्ही सोशिऑलॉजीची परीक्षा पास झालात, कॉलेजने ३ क्रेडिट्स मान्यही केले, पण सोशल सायन्सचा तुमचा कोटा आधीच भरलाय आणि इलेक्टिव्हमध्येही जागा उरली नाही, तर ते ३ क्रेडिट्स ट्रान्सक्रिप्टवर नुसते दिसत राहतील, डिग्रीला लागणारा एकही कोर्स त्याने कमी होणार नाही. त्यामुळे परीक्षा निवडताना "सोपी कुठली" हा प्रश्न नंतरचा, "माझ्या कुठल्या रिकाम्या जागेत ही बसेल" हा पहिला.

मग सुरुवात कुठून करायची तर डिग्री ऑडिटपासून, म्हणजे डिग्रीचे कुठले कोर्स झाले आणि कुठले राहिले ते दाखवणारा कॉलेजचा रिपोर्ट. अॅडमिशन झालेली असेल तर स्टुडंट पोर्टलवर मिळतो, झालेली नसेल तर कॅटलॉगमधून त्या डिग्रीची कोर्सची यादी काढा, कागदावर लिहून काढली तर फारच छान. प्रत्येक कोर्ससमोर लिहा की याला परीक्षा आहे का, अनुभवावर मिळेल का, की वर्गातच करावा लागेल. नंतर कॉलेजच्या साइटवर क्लेप, एपी, डीएसएसटीचा इक्विव्हॅलन्सी तक्ता शोधा, कुठल्या परीक्षेला किती स्कोअर आला की कुठल्या नंबरचा कोर्स मिळतो हे त्यात असतं. तक्त्यात नेमका कोर्स नंबर असेल तर उत्तम. नुसतं "इलेक्टिव्ह क्रेडिट" लिहिलेलं असेल तर थांबा आणि आधी विचारा.

विचारायचं ते रजिस्ट्रार किंवा अॅडव्हायझरला, आणि ईमेलवरच. फोनवर कोणीतरी हो म्हणालं याला नंतर काही किंमत राहत नाही, माणसं बदलतात, पॉलिसी बदलते. ईमेल असा सरळ असू द्या: "मी अमुक मेजरमध्ये आहे, प्रिन्सिपल्स ऑफ मॅक्रोइकॉनॉमिक्सची क्लेप द्यायचा विचार आहे, ५० स्कोअर आला तर ती माझ्या डिग्रीत कुठल्या कोर्सच्या जागी लागेल, परीक्षेने मिळणाऱ्या क्रेडिट्सवर एकूण किती मर्यादा आहे, आणि शेवटच्या सेमिस्टरमध्ये दिली तर चालते का?" तीन प्रश्न, तीन उत्तरं. तो ईमेल जपून ठेवा, डिग्री हातात पडेपर्यंत.

आता परीक्षांकडे येऊ. क्लेप कॉलेज बोर्ड घेतं, म्हणजे एपी आणि एसएटी घेणारे तेच. तीसहून जास्त विषय आहेत, अकाउंटिंग, मार्केटिंग, सायकॉलॉजी, कॉलेज अल्जिब्रा, अमेरिकन इतिहास, बायॉलॉजी असे. बहुतेक परीक्षा कॉम्प्युटरवर दीड तासाच्या आणि मल्टिपल चॉइस. स्कोअर २० ते ८० मध्ये येतो आणि अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन, ज्याला सगळे एसीई म्हणतात, त्यांची शिफारस बहुतेक विषयांना ५० ची आहे, पण शेवटी कॉलेज ठरवेल ते खरं, काही कॉलेजं जास्त मागतात. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. निबंधाची परीक्षा सोडली तर स्कोअर बहुधा तिथेच स्क्रीनवर दिसतो. नापास झालात तर तीच परीक्षा तीन महिन्यांनी परत देता येते. यासाठी कॉलेजमध्ये नाव घातलेलं असायला पाहिजे असंही नाही, हायस्कूलमधली मुलं देतात तसे पन्नाशीतले लोकही देतात.

फी शंभर डॉलरच्या आसपास, वर टेस्ट सेंटरची वेगळी फी. पण मॉडर्न स्टेट्स नावाची एक ना-नफा संस्था आहे, त्यांच्या साइटवर क्लेपच्या विषयांचे फुकट ऑनलाइन कोर्स आहेत आणि कोर्स नीट पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं. व्हाउचरमध्ये नेमकं काय काय कव्हर होतं ते मागायच्या वेळी बघून घ्या. एका ३ क्रेडिट्सच्या कोर्सची फी कित्येक ठिकाणी हजार डॉलरच्या वर जाते, त्यासमोर हे बघा म्हणजे कळेल मी एवढी मागे का लागलेय.

तयारीचं सांगायचं तर आधी एक प्रॅक्टिस टेस्ट, काहीही न वाचता. ज्या विषयात निम्म्याहून जास्त बरोबर येतंय तो आधी घ्या. भारतात बीकॉम केलेल्यांनी फायनान्शियल अकाउंटिंग आणि इकॉनॉमिक्सच्या दोन्ही परीक्षा बघाच, कन्सेप्ट तेच असतात, फक्त शब्द आणि आकड्यांची मांडणी इथली असते. अमेरिकन गव्हर्नमेंट आणि इथला इतिहास मात्र आपल्याला शून्यातून वाचावा लागतो, त्याला जास्त वेळ ठेवा. पुस्तकांवर पैसे घालवायच्या आधी ओपनस्टॅक्सची फुकट टेक्स्टबुकं आणि लायब्ररी बघा. मुलं शाळेत स्पॅनिश नीट शिकली असतील तर स्पॅनिशची क्लेप फार फायद्याची आहे, ५० ला ६ क्रेडिट्स आणि ६३ ला ९ क्रेडिट्स अशी एसीईची शिफारस आहे, एका बैठकीत एवढं दुसरीकडे क्वचितच मिळतं. हिंदी चांगली येत असेल तर अॅक्टफल या परभाषा-शिक्षणातल्या अमेरिकन संस्थेची बोलण्याची परीक्षाही बघा, तिच्यावर क्रेडिट देणारी कॉलेजं आहेत.

परीक्षेला रजिस्टर करतानाच स्कोअर कुठल्या कॉलेजला पाठवायचा ते निवडता येतं आणि ते फुकट असतं, नंतर पाठवायला पैसे पडतात. आयडीवरचं नाव आणि रजिस्ट्रेशनमधलं नाव अक्षरन् अक्षर सारखं पाहिजे, आपल्याकडे वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव यात हमखास घोळ होतो, म्हणून हे आधीच तपासा.

डीएसएसटी ही क्लेपचीच बहीण समजा, मुळात सैन्यातल्या लोकांसाठी सुरू झालेली पण आता कोणीही देऊ शकतं. क्लेपमध्ये नाहीत असे काही विषय तिच्यात आहेत आणि काहींना अप्पर लेव्हल (डिग्रीच्या शेवटच्या दोन वर्षांच्या पातळीच्या) क्रेडिटची शिफारस असते, जे परीक्षेने मिळणं एरवी अवघड. एपीबद्दल फार लिहीत नाही, मे महिन्यात असते, १ ते ५ स्कोअर, ३ पासून पुढे क्रेडिट मिळू शकतं पण बऱ्याच चांगल्या कॉलेजांना ४ किंवा ५ लागतो. आणि एक गोष्ट जी लोक विचारतच नाहीत, कित्येक कॉलेजांत डिपार्टमेंटची स्वतःची चॅलेंज एक्झाम असते, म्हणजे त्यांच्याच कोर्सची परीक्षा न शिकता द्यायची. तक्त्यात तुमचा विषय नसेल तर डिपार्टमेंटला विचारून बघा.

आता अनुभवाचं क्रेडिट. याला प्रायर लर्निंग असेसमेंट म्हणतात. यातला सोपा रस्ता म्हणजे ज्या ट्रेनिंगचं किंवा सर्टिफिकेटचं एसीईने आधीच मूल्यमापन केलंय ते, उदाहरणार्थ आयटीतली काही सर्टिफिकेट्स किंवा सैन्यातलं ट्रेनिंग. एसीईच्या नॅशनल गाइडमध्ये (सैन्यातल्या ट्रेनिंगचं त्यांच्या मिलिटरी गाइडमध्ये) नाव शोधायचं, सापडलं की कॉलेजला दाखवायचं.

अवघड रस्ता पोर्टफोलिओचा, आणि इथेच आपले लोक कमी पडतात कारण आपण वर्षं मोजून दाखवतो. कॉलेज वर्षांचं क्रेडिट देत नाही, शिकलात त्याचं देतं. समजा तुम्ही डेकेअरमध्ये काम केलंय आणि लहान मुलांचं निरीक्षण आणि नोंदी या कोर्सचं क्रेडिट हवंय. "मी आठ वर्षं दोन ते चार वर्षांच्या मुलांना सांभाळलं, मला मुलांची आवड आहे" असं लिहिलंत तर काहीच मिळणार नाही. त्याऐवजी असं लिहा: "वर्गातला एक अडीच वर्षांचा मुलगा इतरांना चावायचा. दोन आठवडे मी प्रत्येक वेळी नोंद ठेवली, किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, जवळ कोण होतं. बहुतेक प्रसंग जेवणाआधी हात धुवायच्या रांगेत घडत होते. त्याला शब्दांत सांगता येत नव्हतं आणि ताटकळणं सहन होत नव्हतं. आम्ही रांग छोट्या गटांत केली, त्याला 'माझी जागा' म्हणायला शिकवलं आणि परत नोंदी ठेवल्या. यातून मी वर्तन आणि त्याचा अर्थ वेगळा लिहायला शिकले." यात कोर्सच्या सिलॅबसमधले तीन-चार मुद्दे आपोआप आले. म्हणून आधी त्या कोर्सचा सिलॅबस मिळवा, त्यातले लर्निंग आउटकम एकेक करून घ्या आणि प्रत्येकाखाली तुमचा एक खरा प्रसंग आणि त्याचा पुरावा जोडा, नोंदींचे नमुने (मुलांची नावं झाकून), ट्रेनिंगची सर्टिफिकेट्स, सुपरव्हायझरचं पत्र. पत्रात "चांगली कर्मचारी आहे" एवढंच नको, काय काय करता येतं ते पाहिजे. पोर्टफोलिओ तपासायची फी असते आणि क्रेडिट नाही मिळालं तरी ती सहसा परत येत नाही, तेव्हा ज्या विषयाला परीक्षा आहे तिथे परीक्षाच द्या, पोर्टफोलिओ ज्याला परीक्षाच नाही त्याच्यासाठी ठेवा.

कॉलेज अजून ठरलं नसेल तर तुमचा हात मोकळा आहे. न्यू जर्सीमधली थॉमस एडिसन स्टेट, न्यू यॉर्कची एक्सेलसियर आणि कनेटिकटचं चार्टर ओक स्टेट कॉलेज ही तिन्ही १९७० च्या दशकात मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठीच सुरू झाली, बाहेरचे क्रेडिट्स घेण्यात ती फार उदार आहेत. फ्लोरिडातल्या सरकारी कॉलेजांना क्लेपचे क्रेडिट्स ठरलेल्या तक्त्याप्रमाणे द्यावे लागतात. उलट बऱ्याच नामांकित खाजगी युनिव्हर्सिटी क्लेप मानतच नाहीत. भारतातली डिग्री अर्धवट किंवा पूर्ण असेल तर परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या डब्ल्यूईएस किंवा ईसीईसारख्या संस्थेकडून कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन (तुमचा एकेक विषय इथल्या किती क्रेडिट्सच्या बरोबरीचा ते) आधी करून घ्या, कदाचित ज्याची परीक्षा देणार होतात ते क्रेडिट तुमच्याकडे आधीच असेल. आणि "अनुभव सांगा, डिग्री घ्या, अभ्यास नको" अशी जाहिरात दिसली तर तिकडे फिरकूही नका, खरं कॉलेज अख्खी डिग्री कधीच अनुभवावर देत नाही. कॉलेजचं अॅक्रेडिटेशन, म्हणजे अधिकृत मान्यता, अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या साइटवर तपासता येतं.

काही जणांनी जास्त जपून राहायला हवं. एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावरच्या बॅचलर्सच्या मुलांना सेमिस्टरला फुल टाइम, म्हणजे साधारण १२ क्रेडिट्स, नोंदवावेच लागतात आणि परीक्षेचे क्रेडिट्स त्यात धरत नाहीत, त्यामुळे कोर्स सोडायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. फायनान्शियल एडलाही हेच लागू. मुलीला किंवा मुलाला मेडिकलला जायचं असेल तर बायॉलॉजी, केमिस्ट्री परीक्षेने उडवू नका, पुष्कळ मेडिकल स्कूलना हे विषय वर्गात, ग्रेडसकट केलेले लागतात. आणि परीक्षेच्या क्रेडिटला सहसा ग्रेड नसतो, म्हणजे जीपीए (ग्रेडची सरासरी) त्याने वर जात नाही, खालीही येत नाही.

स्कोअर गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी डिग्री ऑडिट परत उघडा. क्रेडिट चुकीच्या जागी, बहुधा इलेक्टिव्हमध्ये, पडलेलं दिसलं तर तो जपून ठेवलेला ईमेल जोडून रजिस्ट्रारला लिहा, आणि तिथे नाही झालं तर डिपार्टमेंट चेअरकडे कोर्स सब्स्टिट्यूशनचा (एका कोर्सऐवजी दुसरा धरण्याचा) फॉर्म भरा.