स्पोर्ट्स कूपे घेताना मॅन्युअल की ऑटोमॅटिक: नागपूरच्या रस्त्यांवर कसं ठरवायचं

स्पोर्ट्स कूपेच्या (सहसा दोन दारांची, मागे उतरत्या छताची वेगवान गाडी) माहितीपत्रकात शून्य ते ताशी शंभर किलोमीटर गाठायला लागणाऱ्या सेकंदांचा आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो. गिअरबॉक्स निवडताना मात्र तोच आकडा सर्वांत कमी कामाचा. २०२४ मध्ये सुधारलेली बीएमडब्ल्यू एम२ घ्या. ४८० पीएसची (अश्वशक्तीची) ही गाडी ८-स्पीड ऑटोमॅटिकमध्ये ४.० सेकंदांत शंभर गाठते, तर ६-स्पीड मॅन्युअलमध्ये ४.२ सेकंदांत. पोर्शे ९११ जीटी३ मध्ये अंतर थोडं मोठं आहे: ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) ३.४, मॅन्युअल ३.९. ट्रॅकवर अर्धा सेकंद खूप झाला. पण बर्डीत व्हरायटी चौकाच्या सिग्नलला तुमच्यापुढे दोन ई-रिक्षा आणि एक ‘आपली बस’ (शहर बस) असेल, तेव्हा मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक दोन्ही गाड्या सारख्याच वेगाने सरकणार आहेत. फरक पडेल तो तुमच्या डाव्या पायाला आणि क्लचच्या तापमानाला. निवडीचा विचार तिथूनच सुरू करा.

त्याआधी तुमच्या गाडीला निवड आहे का, हे बघून घ्या. २०१६ मध्ये भारतात आलेली फोर्ड मस्टँग जीटी फक्त ऑटोमॅटिकमध्येच विकली गेली. एम२ मध्ये मॅन्युअल वेगळा मागवावा लागतो, तर ९११ कॅरेरा टी ही नव्या पिढीत फक्त मॅन्युअलच येते. बजेट बरंच खाली असेल आणि कूपेचा आकार पुरेसा वाटत असेल, तर टाटा कर्व्ह आणि सिट्रोएन बसॉल्टमध्ये दोन्ही पर्याय मिळतात. पुढचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू आहे.

आधी ऑटोमॅटिकचा प्रकार विचारा

शोरूममध्ये ‘ऑटोमॅटिक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. या गाड्यांत त्या एका शब्दाखाली तीन निरनिराळी यंत्रं येतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती तीन तऱ्हेने वागतात.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. गाडी सरकताना इंजिन आणि चाकांच्या वेगात जो फरक पडतो तो तेलात पडतो, आणि ते तेल कूलरमधून फिरतं. घासून झिजेल असं त्या क्षणी काही नसतं. एम२ चा ऑटोमॅटिक याच जातीचा आहे, बसॉल्टचाही.

वेट ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच तेलात बुडालेले असतात. घसरतात तेही, पण उष्णता तेल वाहून नेतं. पोर्शेचा पीडीके आणि कर्व्हचा डीसीए या गटातले.

ड्राय ड्युअल क्लचमध्ये तेल नाही, प्लेट थंड करायला फक्त हवा. हलका, कार्यक्षम, झटकन गिअर बदलणारा. मोकळ्या रस्त्यावर मजा येते. फोक्सवॅगन व्हर्टसच्या जीटी मॉडेलमधला ७-स्पीड डीएसजी असा आहे. नवतप्यात बाहेर ४५ अंश असताना, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असताना, हवेने थंड होणाऱ्या क्लचकडे राखीव ताकद फार कमी उरते. तापला की आधी गाडी सुटताना थरथरते, मग डॅशबोर्डवर इशारा येतो, आणि तरीही रेटलं तर गिअरबॉक्सचा संगणक स्वतःला वाचवण्यासाठी क्लच सोडून देतो. रोज गर्दीतून जाणार असाल तर हा प्रकार टाळावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सरकण्याची चाचणी

ही चाचणी कोणी सांगत नाही, पण सर्वांत उपयोगी हीच. मोकळ्या, सपाट रस्त्यावर मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, क्लच हळूच पूर्ण सोडा, ॲक्सिलरेटरला पायही लावू नका. गाडी आपोआप ज्या वेगाने चालते तो स्पीडोमीटरवर वाचा. बहुतेक गाड्यांत तो ताशी ६ ते ८ किलोमीटर भरतो. स्पोर्ट्स गाडीचा पहिला गिअर लांब ठेवलेला असेल तर थोडा वर जातो.

आता तुमच्या रोजच्या रस्त्याची गर्दी यापेक्षा हळू सरकते का, ते बघा. हळू असेल तर तुम्ही सतत हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, असणार. इंजिन साडेसातशे आरपीएमवर फिरतंय, चाकांकडची बाजू त्याहून कमी, आणि मधला सगळा फरक प्लेटवर उष्णता होऊन उतरतोय. जळका वास येतो तो याचाच. ताकदवान कूपेचा क्लच जड आणि एकदम पकडणारा असतो, त्यामुळे हाफ क्लच धरून ठेवणं पायालाही महागात पडतं. ड्युअल क्लच गाडीचं गणित तेच आहे. फरक इतकाच की पायाऐवजी संगणक क्लच घसरवतो आणि तुम्हाला कळत नाही. म्हणून त्यात पुढच्या गाडीमागे इंचइंच सरकू नये. ब्रेक दाबून थांबावं, दीड-दोन गाड्यांची जागा झाली की एकदम जावं. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं तर दोन्हींत क्लचचं सरळ नुकसान आहे. ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर वापरा.

टेस्ट ड्राइव्ह कुठे घ्यायची

सकाळी अकराला शोरूमभोवतीची चक्कर पुरेशी नाही. संध्याकाळी सहा ते साडेसातची वेळ मागा आणि दोन्ही गिअरबॉक्स एकाच रस्त्यावर चालवा. मॅन्युअलची डेमो गाडी नागपुरात नसेल तर मुंबई-पुण्याहून मागवायला सांगा. एवढे पैसे मोजताना ही मागणी रास्त आहे.

सुरुवात बर्डीपासून करा. मग वर्धा रोडवर डबलडेकर उड्डाणपुलाच्या खालून जा, वरून नाही. सिग्नल, यू-टर्न आणि आडव्या येणाऱ्या दुचाक्या खालीच आहेत. रोज घालता तीच चप्पल किंवा बूट घाला. मॅन्युअलमध्ये सीट अशी लावा की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. कूपेत पाय लांब पसरून बसावं लागतं, त्यामुळे ताण पोटरीवर न येता मांडी आणि कंबरेवर येतो. अर्ध्या तासानंतर कंबर काय सांगते, ते ऐका.

तिथून सेमिनरी हिल्सच्या चढावर जा. मध्येच थांबून पुन्हा सुटा. हिल होल्ड (चढावर सुटताना ब्रेक क्षणभर धरणारी सोय) किती वेळ धरतो, ड्युअल क्लच मागे घरंगळतो का, रिव्हर्समध्ये चढ चढताना थरथर येते का, हे इथे कळतं. तुमच्या इमारतीचं पार्किंग तळघरात असेल तर तो रॅम्प सर्वांत कडक परीक्षा आहे: तीव्र चढ, वर वळण, शेवटी स्पीडब्रेकर. जमिनीलगत बसणारी कूपे तिथे तिरकी काढावी लागते आणि तेवढा वेळ क्लच घसरत राहतो. शक्य असेल तर टेस्ट ड्राइव्ह घरापर्यंत न्याच.

समृद्धी महामार्गावर शिवमडक्याहून थोडं पुढे जाऊन या. मर्यादा १२० ची आहे. त्या वेगाला सर्वांत वरच्या गिअरमध्ये आरपीएम किती, ते दोन्ही गाड्यांत नोंदवा. आठ गिअरची गाडी सहसा शांत चालते. मॅन्युअलची बाजू इथे कमकुवत पडते. तासन्‌तास एकाच गिअरमध्ये सरळ जायचं असेल तर गिअर बदलण्याचा आनंद मिळतच नाही, आणि पुढची गाडी थांबली की स्वतः थांबून पुन्हा निघणारा क्रूझ कंट्रोल ऑटोमॅटिकलाच शोभतो.

मॅन्युअल खरा खुलतो तो परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात, किंवा छिंदवाड्याहून तामियामार्गे पचमढीला जाताना. वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात येणं, टाचेने ॲक्सिलरेटरला हलका झटका देऊन आरपीएम जुळवणं, आणि वळणातून बाहेर पडेपर्यंत तोच गिअर धरून ठेवणं, हे सगळं तुमच्या हातात असतं. चांगला ऑटोमॅटिकही स्टिअरिंगमागच्या पॅडलवर हे करतो, तुमच्यापेक्षा वेगाने करतो. उतारावर त्याला ‘डी’मध्ये सोडू नका, तो गिअर वर चढवतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा धरून उतरा.

काय बिघडतं आणि का

मॅन्युअलमध्ये झिजणारी वस्तू ठरलेली आहे: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाची थरथर शोषणारं दोन भागांचं जड चाक) असेल तर तेही. क्लच बदलताना फ्लायव्हील धरून खर्चाचा अंदाज खरेदीआधीच लेखी घ्या. घसरण ओळखायची तर चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उसळून वेग मागे राहिला, तर प्लेट संपत आली. गिअर लिव्हरवर हात आणि क्लचवर पाय टेकवून चालवायची सवय असेल तर आधी ती मोडा.

एक नुकसान फक्त मॅन्युअलमध्येच होतं. पाचव्यातून चौथ्यात जाताना चुकून दुसरा पडला, तर चाकंच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात. रेव्ह लिमिटर (आरपीएम मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) इंधन तोडतो, पण चाकांना थांबवू शकत नाही. व्हॉल्व्ह वाकू शकतात, आणि पोर्शेसारख्या गाड्यांच्या संगणकात अशा घटनेची नोंद राहते.

ऑटोमॅटिकमध्ये प्रश्न तेलाचा. ‘लाइफटाइम ऑइल’ या शब्दावर विसंबू नका. एम२ मधला ८-स्पीड बनवणारी झेडएफ कंपनीच तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदलायला सांगते. आपल्या उन्हात खालचा आकडा धरा. सर्व्हिस सेंटरला विचारा: गिअरबॉक्सचं तेल ठरावीक तापमानाला भरण्याचं काम इथे होतं की गाडी बाहेरगावी जाते? मेकॅट्रॉनिक युनिट (गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारा भाग) बिघडलं तर सुटे भाग यायला किती दिवस? उत्तर गुळमुळीत आलं तर वॉरंटी वाढवून घ्या.

मनीषनगरहून सिव्हिल लाइन्सला रोज हीच गाडी नेणार असाल, घरात आणखी कोणी चालवणार असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर घ्या आणि खंत बाळगू नका. रोजची दुसरी गाडी असेल आणि कूपे रविवारी पहाटे निघणार असेल, तर मॅन्युअल. दोन दशांश सेकंदांच्या बदल्यात गाडीशी जो संवाद मिळतो, तो पॅडलवर मिळत नाही.

बुकिंगच्या कागदावर गिअरबॉक्सचं नाव छापून घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका. गाडी आल्यावर पहिले ५०० किलोमीटर नवा क्लच बसायला लागतात, तोवर जोरात सुटू नका. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २,००० किलोमीटरला रनिंग-इन (नवी गाडी रुळण्याच्या काळातली) सर्व्हिस लागते. त्यात इंजिन आणि डिफरन्शियलचं तेल बदलतात. ती होईपर्यंत इंजिन पूर्ण ताणू नये.