क्लच दाबला, चावी फिरवली, स्टार्टर गप्प

पेडण्यात ऐन पावसात गाडी बंद पडली. चावी फिरवली तर साधा टिकसुद्धा आवाज नाही. गॅरेजवाल्या दादांचं मत पडलं, ‘स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, उतरवूया.’ मी म्हटलं, आधी मीटर लावू.

बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. हेडलाइट लावून चावी फिरवली. उजेड जराही मंदावला नाही. ही खूण फार मोलाची. बॅटरी उतरली असती किंवा टर्मिनल सैल असतं, तर दिवे विझू लागले असते. इथे स्टार्टर करंट ओढतच नव्हता. सोलेनॉइडच्या, म्हणजे स्टार्टरवरच्या विजेच्या स्विचच्या, बारीक वायरवर चावी फिरवूनही शून्य व्होल्ट! मग स्टार्टरला दोष कसा द्यायचा?

फ्यूज शाबूत होता. स्टार्टरच्या रिलेच्या (बारीक करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) जागी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले लावून पाहिला, फरक नाही. उरला क्लच स्विच. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत पेडल पूर्ण आत गेल्यावर हा स्विच दाबला जातो, तेव्हाच स्टार्टरला करंट मिळतो. टॉर्च घेऊन वाकलो, तर मॅटवर प्लास्टिकचा चुरा. स्विचचं बटण दाबणारं पेडलवरचं बूचच झिजून फुटलं होतं.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. बटण बोटाने दाबलं आणि इंजिन सुरू झालं! बूच म्हापशाला अगदी स्वस्तात मिळालं. स्विचच्या वायरी कायमच्या जोडून टाकायचा, म्हणजे क्लच न दाबताही गाडी सुरू होईल असा सल्लाही मिळाला, तो मी साफ नाकारला. गिअरमध्ये चावी फिरली तर गाडी पुढे उसळते, आणि आमच्या अंगणात मुलं खेळतात.