गिलाव्याआधी जाळीची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात घर बांधणारा माणूस विटा, वाळू आणि सिमेंट यांचा हिशेब महिनाभर आधी मांडतो. गिलाव्याखाली लावायच्या धातूच्या जाळीची आठवण मात्र गवंडी परांचीवर चढल्यावर होते, आणि मग दुकानात जी मिळेल ती गुंडाळी उचलून आणली जाते. जाळीचे काम मालाला, म्हणजे सिमेंट-वाळूच्या ओल्या मिश्रणाला, पकड देण्याचे आहे आणि माल तिच्या तारांभोवती चहूबाजूंनी बसला तरच ती पकड मिळते. खालची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

सर्वांत आधी गिलाव्यामागे नेमके काय आहे, हे भिंतीनिहाय कागदावर लिहून काढावे. वीट, सिमेंट ब्लॉक किंवा जांभा यांच्या भिंतीला अखंड जाळीची गरज नसते; विटांमधल्या सांध्यांच्या फटी उकरून, धूळ झाडून आणि भिंत भिजवून घेतली की माल धरतो. अशा भिंतीवर सरसकट जाळी मारण्याचा आग्रह कोणी धरला, तर तो खर्च नम्रपणे नाकारावा. जाळी हवी ती काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आणि वीटकाम यांच्या सांध्यावर, कारण ऊन आणि ओल यांनी हे दोन पदार्थ सारखे फुगत-आकसत नाहीत आणि वर्षभरात तिथेच सरळ रेषेत भेग दिसते. वायरिंगच्या पाइपांसाठी भिंतीत पाडलेल्या खाचांवरही ती हवी. कॉलमचा गुळगुळीत पृष्ठभाग आधी छिन्नीने खडबडीत करून घ्यावा.

या सांध्यांसाठी चिकन मेश, म्हणजे षट्कोनी छिद्रांची जस्त चढवलेली विणलेली जाळी, पुरते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५० मिलिमीटर अशी ३०० मिलिमीटर रुंदीची पट्टी धरावी. तीन फूट रुंदीच्या गुंडाळीतून अशा तीन पट्ट्या निघतात. दहा फुटी कॉलमच्या दोन बाजूंना वीस रनिंग फूट पट्टी लागते, या हिशेबाने सारे कॉलम आणि बीम मोजून बेरजेत सुमारे दहा टक्के वाढ धरावी, म्हणजे जोडावर एक तुकडा दुसऱ्यावर चढवताना जाळी कमी पडत नाही.

जिथे मागे भिंतच नाही, तिथे चिकन मेशवर विसंबू नये. दर्शनी कमान, लोखंडी किंवा लाकडी सांगाड्यावरचा पडदा, खोटे छत, देवळाच्या शिखराचे गोलाकार काम, अशा ठिकाणी एक्सपांडेड मेटल लागते. पोलादी पत्र्याला चिरा पाडून तो ताणला की शंकरपाळ्यासारखी छिद्रे उघडतात. यात विणकाम किंवा वेल्डिंग नसल्याने कापल्यावर ती उसवत नाही. अमेरिकी मानकात ती चौरस मीटरला सुमारे १.४ आणि १.८ किलो अशा दोन वजनांत येते. आपल्याकडे दुकानदार गेज, म्हणजे जाडीचा क्रमांक, सांगतो किंवा किलोवर देतो, म्हणून एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा काट्यावर घालून पाहण्यास संकोच करू नये. वळणदार कामाला सपाट जाळी घ्यावी, कारण ती हाताने वाकते. छताला मात्र उभ्या रिबा, म्हणजे पत्र्यातच उठवलेले ताठ कणे, असलेली जाळी घ्यावी. रिबेमुळे ती ताठ राहते आणि दोन आधारांमध्ये लोंबत नाही. काँक्रीटच्या किंवा पत्र्याच्या सपाट पृष्ठावर बसवायची असेल, तर मागे सुमारे ६ मिलिमीटरचे उठाव असलेली जाळी निवडावी. सपाट जाळी पृष्ठभागाला चिकटून बसली की तिच्यामागे माल शिरत नाही आणि ती असून नसल्यासारखी होते. लाकडी सांगाड्यावर बाहेरचा गिलावा करायचा असेल, तर जाळीच्या आधी डांबरी कागदाचे दोन थर, वरच्या पट्टीची कड खालच्या पट्टीवर चढवून, लावण्याची तजवीज करावी.

खानापूरच्या पश्चिमेकडील गावांत मातीच्या भिंतींवर जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा करण्याची पद्धत दिसते. हा बेत शक्य तितका टाळावा. कणकुंबी, जांबोटीकडच्या पावसात जमिनीची ओल भिंतीत चढते, कडक सिमेंटच्या थरामुळे ती बाहेर पडत नाही, मातीत खिळ्याला पकड नसते, आणि अखेर जाळीसकट पापुद्रा सुटून येतो. अशा भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावाच मानवतो. जाळीचे पैसे ओसरीचा पत्रा पुढे वाढवण्यात घालावेत.

खरेदीच्या यादीत जाळीबरोबर जस्त चढवलेले खिळे किंवा स्क्रू, वॉशर, १८ गेजची बांधणीची तार, कोपऱ्यांसाठी कॉर्नर बीड, पत्रा कापायची कात्री आणि जाड हातमोजे लिहावेत. हातमोज्यांना गवंडी हसतात, पण कापलेल्या जाळीची कड पात्यासारखी लागते. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घेऊ नयेत, ओल्या सिमेंटशी त्यांची प्रक्रिया होते. आणलेल्या गुंडाळ्या फळ्यांवर उभ्या ठेवून ताडपत्रीने झाकाव्यात. जस्ताच्या जाळीचे थर एकमेकांना चिकटून भिजत राहिले, तर त्यांवर पांढरी भुकटी धरते.

बसवताना जाळीची लांब बाजू आधारांना आडवी ठेवावी आणि आधार ४०० मिलिमीटरपेक्षा दूर नसावेत. टोकाकडे निदान २५ मिलिमीटर आणि बाजूंना निदान १२ मिलिमीटर चढ द्यावी. एक बारकावा बहुतेक ठिकाणी सुटतो. एक्सपांडेड मेटलच्या छिद्रांभोवतीच्या बारीक पट्ट्या तिरक्या असतात. जाळी डोळ्यांसमोर धरून बाजूने पाहावे आणि पट्ट्यांचा उतार भिंतीकडे खाली येईल अशी ती लावावी, म्हणजे प्रत्येक छिद्राखाली वर तोंड केलेला छोटा खिसा तयार होतो आणि ओला माल त्यात बसतो. उलटी लावली तर तोच माल थापीखालून घसरतो आणि दोष वाळूला दिला जातो. बांधणीच्या तारेची टोके आत वळवावीत, नाहीतर ती गिलाव्यातून डोकावतात आणि तिथे गंजाचा डाग उठतो.

मोठ्या बाहेरच्या पडद्याला भेगा आवरण्यासाठी मुद्दाम ठेवायचे सांधे कुठे सोडायचे, हेही आधीच ठरवावे. जाळीवरच्या भिंतीला साधारण १३ चौरस मीटरपेक्षा मोठा अखंड भाग नसावा आणि अशा मुद्दाम सोडलेल्या सांध्यापाशी जाळीही तोडलेली असावी.

काळाची निवड तालुक्यानुसार करावी. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेला बाहेरचे काम दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण उघडल्यावर काढावे. अथणीकडे एप्रिल-मे महिन्यांत ऊन इतके कडक असते की माल थापीवरच सुकू लागतो. तिथे सकाळी लवकर सुरुवात करून भिंतीवर ओली गोणपाटे टांगण्याची सोय हवी. जाळीवरचे काम तीन थरांत, एकूण साधारण २२ मिलिमीटर जाडीत करावे. पहिला थर जोर देऊन दाबावा, म्हणजे तो जाळीच्या मागे जाऊन गच्च बसतो, आणि तो ओला असतानाच त्यावर आडवे ओरखडे काढावेत. शेवटच्या थरानंतर किमान सात दिवस पाणी मारायचे असल्याने टाकी, पाइप आणि पाणी मारणारा माणूस यांची व्यवस्था जाळी भिंतीवर चढण्यापूर्वीच झालेली असावी.