लहान शेतकऱ्याला बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यास मदत कशी करावी

शेत २ हेक्टरांहून लहान असले, की एका हंगामाचे नुकसान पुढच्या हंगामाचे बियाणेही घेऊन जाते. म्हणून नवे तंत्र सुचवण्याआधी त्या कुटुंबाला किती जोखीम पेलवेल, हे समजून घ्यावे.

सुरुवात चौकशीने करावी. गावातील अनुभवी स्त्री-पुरुषांसोबत बसून मागील दहा-पंधरा हंगामांची नोंद मांडावी: पेरणी कधी झाली, पावसाने खंड कधी दिला, तेव्हा पीक कोणत्या अवस्थेत होते. ‘हवामान बिघडले’ एवढ्या उत्तरावर थांबू नये, कारण पेरणीनंतरची उघडीप, फुलोऱ्यातील उष्णता आणि काढणीच्या वेळचा पाऊस यांचे उपाय वेगवेगळे आहेत. भात फुलोऱ्यात असताना तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर परागीभवन बिघडून दाणे पोचट राहतात. तेथे पेरणीची तारीख किंवा वाण बदलण्याचा विचार करावा लागतो.

कोरडवाहू शेतात मात्र पहिला खर्च जमिनीतील ओल टिकवण्यावर व्हावा, असे माझे मत आहे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. एका जोरदार सरीत त्यातील बरेचसे उतारावरून माती घेऊन निघून जाते. ते अडवण्यासाठी काठ्यांची त्रिकोणी चौकट आणि ओळंबा वापरून समतल रेषा (उतारावर सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) आखाव्यात, नांगरणी व पेरणी त्या रेषांना धरून करावी आणि बांधावर खोलवर मुळे जाणारे गवत लावावे. पिकांचे अवशेष न जाळता आच्छादन म्हणून पसरावेत. जनावरांना तोच चारा लागत असेल, तर हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. आधी बांधावर चाऱ्याची सोय करावी लागते.

त्यानंतर पिकांकडे वळावे. लवकर आणि उशिरा येणारी वाणे, तसेच तृणधान्यासोबत कडधान्याचे आंतरपीक घेतले, की एकाच आपत्तीत सगळे जाण्याची शक्यता घटते. घरचे बियाणे असल्यास ओल्या कापडात १०० दाणे गुंडाळून उगवण तपासावी.

कोणताही बदल आधी शेताच्या एका पट्ट्यातच करावा, शेजारी नेहमीच्या पद्धतीचा पट्टा ठेवावा आणि दोन्हींचे उत्पन्न, मजुरी व खर्च शेतकऱ्यानेच मोजावे. विशेषतः निंदणीचे श्रम बहुधा स्त्रियांवर पडतात, ते हिशेबात धरावेत. प्रयोग फसल्यास भरपाई कोण देणार, हे पेरणीपूर्वीच ठरवावे.

विमा सुचवताना त्याच्या अटी वाचून दाखवाव्यात. हवामान निर्देशांकावर, म्हणजे पाऊस किंवा तापमानाच्या ठरलेल्या आकड्यावर, आधारलेला विमा हवामान केंद्रावरील नोंदीनुसार भरपाई देतो, प्रत्यक्ष शेतातील नुकसानीनुसार नव्हे. त्यामुळे केंद्र किती दूर आहे, हे हप्ता भरण्यापूर्वी विचारावे.