छोट्या टॅरंट्युलाला किडे खाऊ घालताना या चुका टाळा

टॅरंट्युला म्हणजे हौसेने पाळला जाणारा मोठा केसाळ कोळी. असा नवा कोळी घरी आला की तिसऱ्या दिवशी ठरलेला प्रश्न येतो: "काहीच खात नाहीये, जरा मोठा किडा देऊन बघू का?" नका बघू. पोट भरलेलं असेल आणि वाटीत पाणी असेल तर सेंटिमीटरभराचं पिल्लूही दोन-तीन आठवडे आरामात काढतं, मोठी मादी तर महिनोन्‌महिने. घाई असते ती आपल्याला.

पहिली चूक मोजमापाची. विक्रीच्या वेळी कोळी पायांसकट मोजतात, पुढच्या पायाच्या टोकापासून तिरक्या बाजूच्या मागच्या पायाच्या टोकापर्यंत. म्हणजे 'दोन इंची' म्हणून आणलेल्या पिल्लाचं धड जेमतेम २ सेंमी आणि त्यातलं पोट, म्हणजे मागचा फुगीर भाग, साधारण १ सेंमी. किडा निवडायचा तो या पोटाच्या मापाने. डब्याला बाहेरून पट्टी लावा, पोटाची लांबी बघा, रातकिडा त्याहून लांब नको. पायांसकट १ सेंमीच्या पिल्लाला तर जिवंत किडा देऊच नये. मीलवर्म या पिवळसर अळीचा २-३ मिमी तुकडा किंवा रातकिड्याच्या मागच्या पायाची मांडी बिळाच्या तोंडाशी ठेवायची, संध्याकाळी, आणि दिवा बंद करायचा. पिल्लं मेलेला तुकडा बिनतक्रार खातात. 'शिकार करायला शिकलं पाहिजे' हे माणसांचं खूळ आहे.

आता सुपरवर्म, म्हणजे मीलवर्मसारखीच पण बरीच मोठी अळी. पुण्यात मत्स्यालयाच्या दुकानांत सगळ्यात सहज मिळतो तो हाच, कारण अरोवाना मासे पाळणाऱ्यांसाठी तो ठेवलेलाच असतो. ४-५ सेंमी लांब, गुबगुबीत, वळवळणारा. नवशिका तो तसाच डब्यात सोडतो आणि मोबाइल सरसावून बसतो. घडतं ते असं: कोळी पाय आखडून कोपरा धरतो, अळी कडेकडेने दोन चकरा मारते आणि बघता बघता डब्यातल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे माती म्हणून पसरलेल्या नारळाच्या भुशात, गडप होते. सकाळी डबा रिकामा. "रात्री खाल्ला वाटतं!" कोळ्याचं पोट कालच्याइतकंच आहे, हे कुणी बघत नाही.

पंधरवड्याने कोळी बिळाचं तोंड जाळ्याने बंद करतो आणि कात टाकायला उताणा होतो. तेव्हा त्याची नवी त्वचा लुसलुशीत असते, सुळे पांढरे आणि मऊ. चावणं तर सोडाच, त्याला धड हलताही येत नाही. सुपरवर्म मात्र एवढे दिवस मातीतला ओलावा आणि कचरा खाऊन मजेत असतो. ही अळी थर्माकोल कुरतडते, तिच्यापुढे ओल्या त्वचेचं काय! सापडतो तो पोटाला भोक पडलेला किंवा पाय कुरतडलेला कोळी. आणि खापर फुटतं ओलाव्यावर, नाहीतर कोळी विकणाऱ्यावर.

उपाय अगदी साधा, पण किळस येते म्हणून टाळला जातो. अळीचं डोकं, म्हणजे पुढचं कडक तपकिरी टोक, चिमट्याने करकन आवाज येईपर्यंत चिरडा. धड त्यानंतरही बराच वेळ वळवळत राहतं, कोळ्याला तेवढी हालचाल पुरते. अळी मातीवर न टाकता पाण्याच्या बाटलीच्या झाकणात ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी टॉर्च घेऊन हिशेब करा: एक आत गेला, तर उरलेला चोथा किंवा अख्खा किडा बाहेर आलाच पाहिजे. खाल्ल्यावर कोळी चघळलेल्या चोथ्याची बारीक गोळी टाकतो. गोळी नाही आणि पोटही फुगलेलं नाही, तर माती उकरून अळी शोधायची, कंटाळा आला तरी. मीलवर्म आणि खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या ड्युबिया झुरळालाही हाच नियम, कारण दोघंही माती दिसली की आत शिरतात. मापाचा विचार केला तर तीन इंची पिल्लालासुद्धा अख्खा सुपरवर्म जास्तच होतो, अर्धा कापून द्या.

स्वयंपाकघरातलं झुरळ फुकट मिळतं म्हणून देणारे महाभाग कमी नाहीत. पेस्ट कंट्रोलवाले ओट्याखाली जे जेलचे ठिपके लावतात, त्यांत फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडसारखं औषध असतं आणि त्याचा परिणाम मुद्दाम सावकाश ठेवलेला असतो. झुरळाने ते खाऊन आपल्या बिळात परतावं, मरावं, आणि त्याचं मढं नि विष्ठा खाऊन बाकीची झुरळंही मरावीत, हाच त्यामागचा हिशेब. त्यामुळे तुमच्या हातातलं तुरुतुरु पळणारं झुरळ विष पोटात घेऊन फिरत असू शकतं. "आमच्याकडे पेस्ट कंट्रोल केलंच नाही" याला अर्थ नाही. सोसायटीत डक्ट आणि ड्रेनेज सगळ्या मजल्यांना एकच, झुरळ काही फ्लॅट नंबर बघून फिरत नाही. विषबाधा झालेल्या कोळ्याचे पाय थरथरतात, चाल वेडीवाकडी होते, आणि घरच्या घरी करण्यासारखा उतारा नसतो. महापालिकेच्या धूरफवारणीनंतर गॅलरीत पडलेले किडेही याच कारणाने बाद. जूनमधल्या पहिल्या पावसात दिव्याभोवती जमणारी वाळवीही नको, बऱ्याच इमारतींच्या पायात वाळवीचं औषध मुरलेलं असतं.

वेताळ टेकडीवरून नाकतोडे पकडून आणायचा मोहही आवरा. परजीवी जंतांचा धोका आहेच, शिवाय रुईवर बसणारे ते निळे-पिवळे रंगीत टोळ रुईचं विष अंगात साठवतात. काही काजवेही विषारी असतात.

कात टाकल्यावर लगेच खायला देऊ नका. लहान पिल्लाला ४-५ दिवस, मोठ्याला दीड-दोन आठवडे थांबा. दिवस मोजण्यापेक्षा सुळे बघा: पांढरे, मग लालसर, मग काळे. काळे झाल्याशिवाय चिमटा हातात घ्यायचा नाही.

पोट टरटरून फुगेपर्यंत भरवणं म्हणजे लाड नव्हेत. पोट पुढच्या धडाच्या दीडपट झालं की खाणं बंद, कारण असा कोळी वीतभर उंचीवरून पडला तरी पोट फुटू शकतं. पिल्लाला आठवड्यातून दोनदा, मोठ्याला दहा-पंधरा दिवसांतून एकदा, पुरे. पाल आणि उंदराची पिल्लं यांचा विषयच नको.

दुकानातून आणलेला किडा त्याच संध्याकाळी देऊ नका. कोरड्या भुश्शात उपाशी पडलेल्या किड्याच्या पोटात काहीच नसतं, म्हणजे कोळ्यालाही नुसतं टरफल मिळतं. दोन दिवस गव्हाच्या कोंड्यात ठेवून धुतलेल्या गाजराची चकती किंवा भोपळ्याची फोड द्या. पुण्याच्या पावसाळ्यात त्या कोंड्याला बुरशी आणि माइट्स (अगदी बारीक किडे) लागतात, म्हणून तो आधी कढईत कोरडा भाजून पूर्ण गार करून वापरा, आणि फोड रोज बदला. रातकिड्यांना पाण्याची वाटी ठेवली तर ते बुडून मरतात. ओला कापूस ठेवा, आणि डब्याला जाळीचं झाकण लावा, कोंदट हवेत ते झपाट्याने मरतात.

मीलवर्म फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवले तर वाढ मंदावते आणि महिनाभर पुरतात, फक्त आठवड्यातून एक दिवस बाहेर काढून गाजर खाऊ घालायचं. सुपरवर्म तसे ठेवलेत तर काही दिवसांत काळे पडून मरतील, त्यांना खोलीतलीच हवा लागते. फ्रिजमधल्या डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात 'किडे' असं लिहा, नाहीतर सकाळी घाईत कुणीतरी दलिया समजून उघडेल.